बरोबरीनंतर प्रवास कुणी करायचा?

एप्रिल २०२४ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने जाहीर केलं की, पुढच्या हंगामापासून एफए कपच्या, म्हणजे लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, पहिल्या मुख्य फेरीपासून पुढे फेरसामना, म्हणजे बरोबरीनंतर वेगळ्या दिवशी पुन्हा खेळायचा सामना, होणार नाही. सामना बरोबरीत सुटला तर त्याच दिवशी जादा वेळ, आणि तरीही निकाल लागला नाही तर पेनल्टी. त्यावरून पेटलेला वाद अजून विझलेला नाही. रात्री जागून इंग्लिश फुटबॉल पाहणारी आपल्याकडची मंडळीही त्यात हिरिरीने उतरतात. एक बाजू ‘दीडशे वर्षांची परंपरा मोडली’ म्हणून गळा काढते. दुसरी विचारते, खेळाडू म्हणजे यंत्रं आहेत का, वेळापत्रकात जागा तरी कुठे आहे? मला दोन्ही बाजूंचं भांडण मूळ मुद्द्याच्या शेजारून जाताना दिसतं. फेरसामना असावा की नसावा, हे नंतर ठरवता येईल. बरोबरी झाली की पुढचा सामना कुणाच्या मैदानावर, कुणाच्या पैशाने आणि कुणाचा खाडा पाडून होतो, हे आधी विचारायला हवं. परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी तर त्या परंपरेतला १८७८-७९ चा हंगाम एकदा नीट पाहावाच. फेरसामना हा गरिबाचा कैवारी आहे, ही समजूत तिथे टिकत नाही.

स्पर्धेचा तो आठवा हंगाम. ४३ संघांची नावं आली होती, आणि त्यातले वजनदार संघ जवळजवळ सगळे दक्षिणेतले: महागड्या शाळांचे माजी विद्यार्थी, लष्करी अधिकारी, विद्यापीठवाले. सलग तीन वर्षं कप जिंकणाऱ्या वाँडरर्सना पहिल्याच फेरीत ओल्ड ईटोनियन्सने ७-२ असं झोपवलं. ओल्ड ईटोनियन्स म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांचा म्होरक्या आर्थर किनेर्ड बँकवाल्या घराण्यातला, लाल दाढीचा, आडदांड खेळासाठी प्रसिद्ध. पुढे हाच माणूस तीसहून अधिक वर्षं फुटबॉल असोसिएशनचा अध्यक्ष होता. अशा या संघासमोर उपांत्यपूर्व फेरीत येऊन उभा राहिला उत्तर इंग्लंडच्या लँकशर परगण्यातल्या डार्वेन या गिरणगावाचा संघ. गावची वस्ती तीसेक हजार. लँकशरमधला संघ इतक्या पुढे येण्याची ही पहिलीच वेळ.

डार्वेन आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. त्या गावात १८६७ मध्ये बांधलेल्या एका कापड गिरणीचं नावच ‘इंडिया मिल’ आहे आणि तिची तीनशे फुटांची चिमणी आजही उभी आहे. ब्लॅकबर्न-डार्वेनच्या पट्ट्यात हिंदुस्थानच्या बाजारासाठी धोतरं विणली जात. १९३१ मध्ये गांधीजी लँकशरला गेले तेव्हा गिरणीकामगार बायांच्या घोळक्यातलं त्यांचं ते प्रसिद्ध छायाचित्र डार्वेनमध्येच काढलेलं आहे. लालबाग-परळची आठवण असलेल्या माणसाला हे गाव समजावून सांगावं लागत नाही. साचे, भोंगा, पाळी, शनिवारी दुपारी मिळणारी सुट्टी, आणि त्या सुट्टीत मैदानावर उसळणारी गर्दी. त्यात १८७८ चं साल या भागाला फार वाईट गेलेलं. मालकांनी मजुरीत दहा टक्के कपात लादली, विणकरांनी संप केला, ब्लॅकबर्नमध्ये एका मालकाचं घर पेटवलं गेलं, आणि शेवटी कामगारांना हार पत्करून साच्यांवर परतावं लागलं. त्या संपाला वर्षही झालेलं नसताना गावाचा संघ कपाच्या शेवटच्या टप्प्यात पोहोचला.

नियम असा की उपांत्यपूर्व फेरीपासूनचे सामने लंडनमध्ये खेळायचे. म्हणजे केनिंग्टन ओव्हल या मैदानावर. म्हणजे डार्वेनच्या लोकांना सुमारे दोनशे मैलांचा प्रवास, आणि ईटोनियन्सना घोडागाडीचं भाडं. पहिला सामना १३ फेब्रुवारी १८७९ ला झाला, गुरुवारी. गिरणीतल्या माणसाला गुरुवारी लंडनला जायचं तर किती खाडे पडतात, याचा हिशेब ज्याने तारीख ठरवली त्याने केला असेल का? शेवटची पंधरा मिनिटं उरली तेव्हा ईटोनियन्स ५-१ ने पुढे होते. मग त्या पंधरा मिनिटांत डार्वेनने चार गोल केले. ५-५. डार्वेनचं म्हणणं पडलं की जादा वेळ खेळू आणि आत्ताच निकाल लावू. दमलेले कोण होते आणि वारं कुणाच्या बाजूने फिरलं होतं, हे मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होतं. ईटोनियन्सनी जादा वेळ नाकारला.

आता फेरसामना आला. कुठे? पुन्हा लंडनला. डार्वेनमध्ये लोकवर्गणी निघाली. ज्यांची मजुरी आठ-नऊ महिन्यांपूर्वीच कापली गेली होती त्यांनी पदरमोड करून संघाला पाठवलं. ८ मार्चला जादा वेळ खेळूनही २-२. पुन्हा घरी, पुन्हा वर्गणी, पुन्हा आगगाडी. १५ मार्चच्या तिसऱ्या सामन्यात डार्वेन ६-२ ने हरले. ईटोनियन्सनी पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला हरवलं आणि २९ मार्चला ओव्हलवरच क्लॅफम रोव्हर्सवर १-० अशी मात करून कप घेतला. या क्लॅफम रोव्हर्सना उपांत्य फेरीत खेळावंच लागलं नव्हतं; संघ तीनच उरल्यामुळे त्यांना पुढे चाल मिळाली होती. एक संघ दोनशे मैलांवरून तीनदा येऊन दमतो आणि दुसरा घरी बसून अंतिम फेरीत जातो. यात लबाडी कुणीच केली नाही. सगळं नियमानुसार झालं, आणि म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

डार्वेनचं हे एकट्याचं दुर्दैव म्हणून सोडूनही देता येत नाही. स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात, १८७२ मध्ये, ग्लासगोचा क्वीन्स पार्क संघ लोकवर्गणीच्या बळावर लंडनला आला आणि उपांत्य सामन्यात त्याने वाँडरर्सना ०-० असं रोखलं. फेरसामन्यासाठी पुन्हा यायला पैसे नव्हते. त्यांनी माघार घेतली, वाँडरर्स अंतिम फेरीत गेले आणि जिंकले. कपावर कोरलं गेलेलं पहिलंच नाव असं, प्रतिस्पर्ध्याच्या रिकाम्या खिशाच्या मदतीने, पुढे सरकलेलं आहे. शिवाय त्याच हंगामात काही बरोबऱ्यांनंतर फेरसामना झालाच नाही, दोन्ही संघांना सरळ पुढे पाठवलं गेलं. तेव्हा ‘दीडशे वर्षांची अखंड परंपरा’ म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोलावं. परंपरेच्या उगमापाशीच फेरसामना हे बलवानाचं हत्यार होतं. पहिल्या दिवशी जिंकता आलं नाही तरी दुसऱ्या दिवशी खर्चाने हरवता येतं, असा त्याचा अर्थ होता.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. डार्वेन म्हणजे कुणी निरागस बाळं नव्हती. त्यांच्या संघात फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह हे ग्लासगोकडचे दोघे होते. सूटर व्यवसायाने पाथरवट, पण इंग्लंडात आल्यावर त्याचा छिन्नीहातोडा फारसा चालला नाही. त्याला खेळण्याचे पैसे मिळत असावेत असा संशय तेव्हाही होता आणि आजही बहुतेक अभ्यासक तसंच मानतात. खेळून पैसे घेणं तेव्हा निषिद्ध होतं, त्याला मान्यता मिळाली ती १८८५ मध्ये. म्हणजे ‘भोळे विणकर विरुद्ध लबाड लॉर्ड’ ही परीकथा खोटी आहे. पण मी परीकथा सांगतच नाहीये. संघात दोन खेळाडूंना चोरून पैसे मिळाले म्हणून उरलेल्या नऊ जणांचा खाडा भरून निघत नाही. उलट मला तर वाटतं, ज्या काळात एका संघाला सरावाला आयुष्यभराची फुरसत आहे आणि दुसऱ्याला फक्त शनिवारची दुपार, त्या काळात चोरून दिलेला पगार ही त्या विषमतेवरची वेडीवाकडी का होईना, दुरुस्ती होती.

आणि डार्वेनबद्दल गळा दाटून येण्याआधी आपण मराठी माणसांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्याच १८७९ च्या मार्च महिन्यात, डार्वेनचा संघ ओव्हलच्या वाऱ्या करत असताना, व्हाइसरॉय लिटनने स्वतःच्या कौन्सिलचं बहुमत धुडकावून जाड्याभरड्या विलायती कापडावरची आयात जकात उठवली. लँकशरच्या गिरण्यांची ती जुनी मागणी होती. दख्खनचा दुष्काळ नुकताच सरला होता, हिंदुस्थानची तिजोरी खडखडाट करत होती, आणि मुंबईच्या गिरण्यांना जेमतेम पालवी फुटत होती. ओव्हलवर ज्याच्या विरुद्ध नियम होते त्याच्याच गावासाठी इकडे नियम वाकवले गेले. मैदान कुणाचं, यावर दुबळा कोण हे ठरतं. डार्वेनचा विणकर लंडनमध्ये दुबळा होता, मुंबईच्या बंदरात नव्हता.

मग फेरसामना छोट्यांचा सोबती झाला तरी कधी? त्यात दोन गोष्टी शिरल्या तेव्हा. पहिली, फेरसामना पाहुण्या संघाच्या मैदानावर व्हायचा. दुसरी, तिकिटांच्या उत्पन्नात दोघांचाही वाटा. या दोन तरतुदींनी १८७९ ची सगळी गणितं उलटी केली. १९७२ मध्ये खालच्या सदर्न लीगमधल्या हेरफर्डने अव्वल विभागातल्या न्यूकॅसलच्या घरी २-२ अशी बरोबरी साधली आणि न्यूकॅसलला हेरफर्डच्या चिखलात यावं लागलं. तिथे रॉनी रॅडफर्डचा तो दुरून हाणलेला गोल, जादा वेळेत रिकी जॉर्जचा दुसरा, २-१. तो सामनाही ओव्हलसारखा न्यूकॅसलच्याच मैदानावर झाला असता तर? दुसरं उदाहरण २००५ चं. कर्जात गळ्यापर्यंत बुडालेल्या, लीगबाहेर, म्हणजे वरच्या चार विभागांच्या खाली, फेकल्या गेलेल्या एक्सेटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर ६७ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर मँचेस्टर युनायटेडला ०-० असं रोखलं. फेरसामना एक्सेटरच्या घरी झाला, त्यात ते २-० ने हरले. हरले, पण त्या दोन सामन्यांच्या कमाईने क्लब जगला.

फेरसामने बंद करणाऱ्यांचे मुद्दे पोकळ नाहीत, हेही कबूल करायला हवं. वेळापत्रक खरंच तुंबलं आहे. फेरसामन्यांच्या पायी हास्यास्पद प्रकारही घडलेले आहेत: १९७१ मध्ये अॅल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांना पात्रता फेरीतला एक निकाल लावायला सहा सामने आणि अकरा तास लागले. डार्वेननंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, आर्सेनल आणि शेफील्ड वेन्सडे पाच वेळा भिडले. सहा सामन्यांची परंपरा परत आणा असं म्हणणारा मला अजून कुणी भेटलेला नाही. मुळात ही परंपरा तुकड्यातुकड्याने कधीच संपत आली होती. मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जचा १९९९ चा गाजलेला गोल उपांत्य फेरीच्या फेरसामन्यातला. त्यानंतर उपांत्य फेरीचे फेरसामने गेलेच, आणि कुणी छाती पिटली नाही. पिटायचं कारणही नव्हतं. दोन श्रीमंत संघांनी दोनदा खेळावं की एकदा, यात न्यायाचा प्रश्न येतोच कुठे?

याहून वजनदार मुद्दा दुसरा आहे. दुबळ्या संघाला जिंकण्याची संधी एकाच सामन्यात जास्त असते. जितके सामने वाढवाल तितकं बळ बोलू लागतं. डार्वेननेच ते दाखवलं, ५-५, मग २-२, मग २-६. एकाच सामन्यात निकाल लावायचं ठरलं तर दुबळ्याचं कसं फावतं, याचं उदाहरणही त्याच गावाशेजारी आहे. १८८३ च्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिकने याच ओल्ड ईटोनियन्सना त्याच ओव्हलवर त्याच दिवशी जादा वेळेत २-१ असं हरवलं. विणकर, सूतकताईवाले, एक प्लंबर अशा लोकांचा तो संघ. एका ओतकाम कारखानदाराने पैसे पुरवल्यामुळे सामन्याआधी ब्लॅकपूलला समुद्रकाठी राहून त्यांना सराव करता आला होता. जादा वेळ नाकारून १८७९ ला कप मिळवलेले ईटोनियन्स चार वर्षांनी जादा वेळेतच कप घालवून बसले. तेव्हा ‘एकाच दिवशी निकाल’ हा नियम मुळातच श्रीमंतांच्या सोयीचा आहे, हा आरोप मला पटत नाही.

पटत नाही, पण त्या युक्तिवादातली पळवाटही दिसते. तो धरून चालतो की छोटा क्लब कपात उतरतो तो पुढच्या फेरीत जाण्यासाठीच. लीगच्या उतरंडीत पाचव्या-सहाव्या पायरीवरच्या क्लबाला कप म्हणजे छपराची दुरुस्ती, कर्जाचे हप्ते, पुढच्या वर्षाचे पगार. संधीची टक्केवारी दोन अंकांनी वाढवून दिली आणि कमाईचा दिवस काढून घेतला, तर त्या क्लबाच्या खजिनदाराने कोणत्या तोंडाने आभार मानायचे? प्रीमियर लीग तळागाळासाठी जादा निधी देणार, असं निर्णयाबरोबर सांगितलं गेलं. चांगलं आहे. पण निधी कुणाच्या तरी मर्जीने येतो आणि वाटा हक्काने येतो. खालच्या लीगमधल्या क्लबांनी आम्हाला विचारलंच नाही म्हणून निवेदनं काढली ती नेमक्या याच जागी दुखावल्यामुळे. १८७९ च्या डार्वेनलाही लंडनने काही विचारलं नव्हतं.

‘इतर देशांत कुठे आहेत फेरसामने?’ हा प्रश्न तर फारच आवडीने विचारला जातो. खरं आहे, जर्मनीने ते केव्हाच सोडले. पण जर्मन कपात सुरुवातीच्या फेरीत हौशी क्लबाची गाठ व्यावसायिक क्लबाशी पडली की सामना हौशी क्लबाच्या गावात होतो, चिठ्ठी कशीही निघो. फ्रान्समध्ये दोन किंवा त्याहून जास्त पायऱ्या खालच्या क्लबाला घरचं मैदान मिळतं. त्यांनी फेरसामना काढला, पण मैदानाचा तराजू आधी वाकवून घेतला. इंग्लंडने तराजू तसाच ठेवून फक्त वजन उचललं. शेजाऱ्याचं अर्धंच अनुकरण करायचं आणि त्याला जगाची रीत म्हणायचं, याला काय म्हणावं?

आपल्याकडच्या चर्चेत हा मुद्दा निसटतो याचं कारणही कदाचित आपल्या सवयीत असेल. कोल्हापूरच्या फुटबॉलवर पोसलेला माणूस टायब्रेकरला, म्हणजे पेनल्टीवर लागणाऱ्या निकालाला, नाकं मुरडत नाही. तिथे सगळ्या पेठा एकाच शाहू स्टेडियमवर भिडतात, प्रवास म्हणजे फार तर दुचाकीवरची दहा मिनिटं, आणि प्रेक्षक दोन्हीकडचे तिथलेच. मैदान कुणाचं, हा प्रश्नच पडत नाही. मुंबईच्या रोव्हर्स कपाची घडण निराळी, १८९१ पासून सगळे संघ मुंबईत यायचे. त्या जगात वाढलेल्याला फेरसामना म्हणजे निव्वळ कंटाळा वाटणं स्वाभाविक आहे. इंग्लंडच्या कपात मात्र चिठ्ठी निघते तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या आधी लोक विचारतात की सामना घरी की बाहेर.

म्हणून माझं म्हणणं असं. पहिल्या तीन फेऱ्यांत वेगवेगळ्या पायऱ्यांवरच्या क्लबांची गाठ पडली तर एकच फेरसामना राहू द्यावा, जुन्याच नियमाने, पाहुण्याच्या मैदानावर. वेळापत्रकाची ओरड इथे फार लागू होत नाही, कारण पहिल्या दोन फेऱ्यांत प्रीमियर लीगचे क्लब नसतातच, ते तिसऱ्या फेरीत येतात. आणि तेवढीही जागा नसेल, तर जर्मनांसारखं मैदान खालच्या क्लबाला द्या, आणि नव्वद मिनिटांनंतर बरोबरी असेल तर बुडालेल्या फेरसामन्याच्या कमाईइतका वाटा त्या क्लबाला वरच्या क्लबाच्या खिशातून द्या. मैदान आणि पैसा दोन्ही. एकाने भागत नाही, हे फेरसामने बंद झाल्यावरच्या पहिल्याच हंगामाने दाखवून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये लीगबाहेरच्या टॅमवर्थने आपल्या छोट्याशा मैदानावर टॉटनहॅमला नव्वद मिनिटं ०-० असं रोखून धरलं. जादा वेळेत पाय जड झाले आणि ३-० ने हरले. वर्षभर आधी हेच घडलं असतं तर टॅमवर्थ फेरसामन्याला ६० हजारांहून अधिक आसनांच्या टॉटनहॅमच्या स्टेडियमवर गेलं असतं, आणि तिकीटबारीतला वाटा घेऊन परतलं असतं. टॉटनहॅमची बस निदान टॅमवर्थला आली. ईटोनियन्स डार्वेनला एकदाही गेले नव्हते. पण नव्वद मिनिटं पुरी झाल्यावरची पुढचा अर्धा तास कुणाच्या फुप्फुसांना पेलणार होता, हे त्या दिवशीही मैदानावरच्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि यावेळी तो नाकारायची सोय टॅमवर्थला नव्हती.